बसल्या जागेवरून

तीन वाजून दहा मिनिटांनी मी सभागृहाच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आतले गोगटे वही मिटून उठले, आणि त्यांची खुर्ची गार व्हायच्या आत मी तिच्यावर बसले. आमचं काम असंच चालायचं. अध्यक्षांच्या आसनाखाली एक लांबट टेबल, त्याच्याशी एका वेळी एक प्रतिवेदक. पाच मिनिटं जे कानावर पडेल ते लघुलिपीत टिपायचं, पुढचा आला की उठायचं आणि खोलीत जाऊन ती पाच मिनिटं टाइप करायची. दोघांच्या मध्ये एकही वाक्य सांडता कामा नये. तेव्हा ध्वनिमुद्रण नव्हतं. यंत्र म्हणजे आमचा कान. आम्ही चौदा जण होतो आणि त्यात बाई मी एकटी.

बोलायला उभ्या होत्या अनसूयाबाई कोटनाके. पूर्वेकडच्या जंगलाच्या भागातून पहिल्यांदाच निवडून आलेल्या. हिरव्या काठाचं सुती लुगडं, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. हातात चार घड्या घातलेला कागद होता, पण त्यात त्या एकदाही बघत नव्हत्या.

"अध्यक्ष महाराज, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात अकरा वर्षांपासून डॉक्टरबाई नाही. पुरुष डॉक्टर येतो, तोही आठवड्यातून एकदा. बाया त्याच्यापुढे जात नाहीत. अडलेल्या बाईला बंडीत घालून, म्हणजे बैलगाडीत घालून, बेचाळीस किलोमीटर न्यावं लागते. मध्ये दोन नाले आहेत..."

"अहो बाई, आटपा आता," अध्यक्ष म्हणाले.

बोटांनी ते टिपलं आणि डोक्यानं तिथल्या तिथे त्याचं 'सन्माननीय सदस्यांनी कृपया आपले भाषण आटोपते घ्यावे' असं करून ठेवलं. हे आम्हाला कुणी शिकवलेलं नव्हतं. खोलीत चार महिने काढले की आपोआप यायला लागायचं.

"दोनच मिनिटं, अध्यक्ष महाराज. बाळंतपणासाठी म्हणून..."

तेवढ्यात डावीकडच्या पहिल्या बाकावरून आबासाहेब निंबोरे बोलले. उठले नाहीत. पाच वेळा निवडून आलेला माणूस, त्यांना उठावं लागत नसे. पाय लांब सोडलेले, पानाचा डबा मांडीवर. समोर माईक नव्हता, तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

"आधी हे सांगा बाई, तुमची स्वतःची किती झाली? का नुसतं ऐकीव माहितीवर चाललंय?"

सभागृह हसलं. सरकारकडचे हसले, विरोधातले हसले, वर प्रेक्षकांच्या सज्जात बसलेले हसले. अध्यक्षांनी घंटी वाजवली, तीही जराशी उशिराच. मग अनसूयाबाई म्हणाल्या, "अध्यक्ष महाराज, माझा मुद्दा डॉक्टरबाईचा आहे. ती कधी येणार, तेवढं मंत्रिमहोदयांनी सांगावं," आणि खाली बसल्या. सव्वातीनला माझ्या जागेवर पुढचे गृहस्थ आले.

खोलीत येऊन मी टाइप करायला घेतलं. तीन कार्बन, चार प्रती. आमचे मुख्य प्रतिवेदक हुद्दार साहेब प्रत्येक पान छापायला जायच्या आधी नजरेखालून घालत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत एका शब्दाची तक्रार त्यांच्यावर नव्हती, आणि हे ते स्वतः कधी सांगत नसत, बाकीचे सांगत. माझं पान त्यांनी पुढे ओढलं, निळी पेन्सिल निंबोऱ्यांच्या वाक्यावर थांबली.

"हे काय आहे, पिंपळखुटेबाई?"

"आबासाहेब बोलले, साहेब."

"उभं राहून?"

"बसून."

"परवानगी घेऊन?"

"नाही."

"बाईंनी त्याला उत्तर दिलं?"

मी वहीकडे पाहिलं. "वहीत नाही."

"मग उडवा. नियम पाठ आहे ना? बसल्या जागेवरून बोललेलं घ्यायचं नाही. ज्याचं भाषण चालू आहे त्यानं उत्तर दिलं तरच घ्यायचं, कारण मग प्रश्नावाचून उत्तर लटकतं. उत्तर नाही, तर प्रश्नही नाही." त्यांनी सरळ रेघ मारली. खालचा '(हशा)' हा कंस मात्र तसाच ठेवला, कारण हशा हा सभागृहाचा, तो घ्यायचाच असा दुसरा नियम होता.

पान टायपिस्टकडे गेलं. मी घड्याळ बघून चपला शोधायला लागले. साडेतीन ते साडेचार ही माझी सुटी. तीही नियमात बसणारी नव्हती. अधिवेशन सुरू झालं त्या दिवशी हुद्दार साहेबांनीच वेळापत्रक वरखाली करून माझे टर्न मागेपुढे केले होते, आणि कारण विचारलं नव्हतं. खोलीतल्या कुणी विचारलं तर "तिचं अक्षर दुपारी बिघडतं" असं म्हणायचे.

आमचं बिऱ्हाड अधिवेशनापुरतं मागच्या क्वार्टरांमध्ये होतं. सासूबाई चिऊला घेऊन दारातच उभ्या होत्या. चिऊ सात महिन्यांची. खाली दोन दात नुकतेच आलेले आणि ते कुठे वापरायचे हे तिला चांगलं कळलेलं.

"आज लवकर सुटलीस?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही. पाच मिनिटं उशीरच झालाय."

"मग हिचं घड्याळ पुढे असेल. पाऊण तास झाला, दार दार करतेय."

मी भिंतीला टेकून बसले. चिऊनं पिता पिता माझं बोट धरलं, शाई लागलेलं, आणि ते ओढून डोळ्यांपाशी नेऊन बघायला लागली. एवढ्याशा कपाळावर आठी घालून. तिच्या जन्माच्या वेळी मी सोळा तास अडले होते. पण डोक्याशी डॉक्टरबाई उभी होती, मोठ्या गोल कुंकवाची, "घाई नको गं बाई, मला कुठे जायचं नाहीये" असं म्हणत राहिलेली. मला आता तिचं नाव आठवत नाही, तो आवाज आठवतो.

"काय चाललं होतं आज सभेत?" सासूबाई म्हणाल्या.

"दवाखान्यावर बोलणं होतं."

"आणि?"

"आणि काही नाही."

साडेपाचच्या सुमाराला मी परत खोलीत टाइप करत असताना दाराशी कुणीतरी चप्पल काढली. आमच्या खोलीत चप्पल काढून कुणी येत नसे. बघते तर अनसूयाबाई. हातात असुधारित प्रत होती. प्रत्येक सदस्याला आपल्या भाषणाची ती मिळते, किरकोळ चुका असल्या तर दुरुस्त करून द्यायला.

"साहेब कोण आहेत?"

हुद्दार साहेब उठून उभे राहिले. "बसा ना, बाई. काही चूक राहिली का?"

"बसत नाही. एवढंच विचारायला आली." त्यांनी पान पुढे धरलं आणि बोट ठेवून वाचलं, शाळेत वाचतात तसं सावकाश. "'अडलेल्या बाईला बैलगाडीत घालून बेचाळीस किलोमीटर न्यावे लागते. मध्ये दोन नाले आहेत. बाळंतपणासाठी म्हणून... कंसात हशा.' मी काय गंमत सांगत होती, साहेब?"

 गोगट्यांच्या यंत्राची खटखट थांबली.

"हे पान छापून होते ना? मी ते गावाला पाठवणार होती. आमचे मास्तर बाजाराच्या दिवशी वाचून दाखवतात, आमची बाई तिकडे जाऊन काय बोलते म्हणून. आता ते वाचतील, नाले, बाळंतपण, हशा. लोकं म्हणतील, ही हसवायला गेली होती का?"

"हवं तर तो कंस काढता येईल," हुद्दार साहेब म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ही मोठी सवलत होती. मी त्यांना एकही कंस काढताना पाहिलेलं नव्हतं.

"काढून काय होईल? हसले तर हसले. पण कशाला हसले ते लिहा ना. आबासाहेबांनी विचारलं ते लिहा, मी बोलली ते लिहा."

"तुम्ही काही बोलला नाहीत, बाई."

"बोलली ना."

"रेकॉर्डात नाही."

"रेकॉर्ड कोणी लिहिलं?"

हुद्दार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण बाकीच्यांनी पाहिलं. अनसूयाबाईंना मात्र कुणी दाखवायची गरजच नव्हती. आल्यापासून त्या हुद्दार साहेबांशी बोलत होत्या आणि बघत माझ्याकडे होत्या. रागानं नाही. बसथांब्यावर आपण एखाद्याला विचारावं का, असं ठरवत माणूस बघतो तसं.

"ह्या ताई होत्या," त्या म्हणाल्या.

मी यंत्रातला कागद सरळ केला.

"आणखी एक समजत नाही साहेब," दाराकडे वळता वळता त्या म्हणाल्या. "तिथं मला 'अहो बाई, आटपा' म्हणतात. ह्या कागदात मला 'सन्माननीय सदस्य' म्हणतात. ही कागदातली बाई कोण आहे? तिला मी कधी भेटली नाही."

त्या गेल्यावर हुद्दार साहेब माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "पिंपळखुटेबाई, तुमची प्रोबेशनची मुदत कधी संपते?"

"एकतीस मार्चला."

"माझा शेरा पंधरा मार्चला जातो. स्वच्छ जाईल असं बघू."

यात धमकी नव्हती. ते खरंच माझ्या काळजीनं बोलत होते. माझ्या नवऱ्याची शाळा विनाअनुदानित होती आणि घरात कायम नोकरीचं माणूस मीच होणार होते, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रश्नोत्तरांचा तास संपला आणि अनसूयाबाई उभ्या राहिल्या. त्या वेळी टेबलाशी गोगटे होते. मी दाराशी होते, माझ्या टर्नची वाट बघत.

"अध्यक्ष महाराज, काल मी बोलत असताना सन्माननीय सदस्य निंबोरे यांनी बसल्या जागेवरून मला एक प्रश्न विचारला. मी त्याचं उत्तर दिलं. ह्या कागदात प्रश्न नाही, उत्तर नाही, नुसता हशा आहे. दोन्ही लिहावं, एवढी विनंती आहे."

या वेळी निंबोरे उठले. उपरणं सारखं केलं.

"अध्यक्ष महाराज, माझी ही भगिनी नवीन आहे. भगिनीबद्दल मी असं काही बोलेन का? मी काहीही बोललो नाही. कागद काय म्हणतो? कागद म्हणतो, काही बोललो नाही. आता कागद खोटा की मी खोटा की भगिनी खोटी, हे सभागृहानं ठरवावं. पंचवीस वर्षांत माझ्यावर असा आरोप झाला नव्हता. भगिनीनं शब्द मागे घ्यावेत आणि दिलगिरी व्यक्त करावी. मी मोठ्या मनानं विसरून जाईन."

बाकं वाजली. "दिलगिरी, दिलगिरी" असा आवाज उठला. अनसूयाबाई उभ्याच होत्या. अध्यक्ष म्हणाले, "मी रेकॉर्ड तपासतो. मधल्या सुटीत दोन्ही सदस्यांनी दालनात यावं. बाईंचं म्हणणं रेकॉर्डात आढळलं नाही, तर त्यांना सभागृहाची माफी मागावी लागेल. बसा बाई."

हुद्दार साहेबांनी मला जिन्यात गाठलं.

"वही घेतलीत?"

"घेतली."

"निंबोऱ्यांचं वाक्य वहीत आहे ना? वाचा खुशाल. नियमानं गाळलं म्हणून मी सांगतो, त्यात आपली चूक नाही. त्यांना जरा अवघडल्यासारखं होईल, होऊ दे. उत्तर वहीत आहे?"

"नाही."

"मग संपलं. विचारतील तेवढंच सांगायचं. वहीत आहे, किंवा वहीत नाही. ही दोनच वाक्यं आपल्याला शोभतात."

"आणि त्या बाई?"

"माफी मागतील. इथे सगळे कधी ना कधी मागतात. चार दिवसांत कुणाच्या लक्षात राहत नाही."

दालनात अध्यक्ष गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. समोर चहा. निंबोरे सोफ्यावर ऐसपैस, अनसूयाबाई खुर्चीच्या टोकावर. मी आणि हुद्दार साहेब उभे.

"कालचं वाचा, बाई," अध्यक्ष म्हणाले.

लघुलिपी ज्याची त्यालाच नीट वाचता येते. चौदा जणांच्या चौदा तऱ्हा. त्या दालनात ती वही उघडी ठेवली असती तरी कुणाला त्यातलं अक्षर कळलं नसतं. मी वाचलं. माझ्या आवाजात, तीन पुरुषी श्वासांच्या मध्ये, ते वाक्य फार वेगळं ऐकू आलं. "'आधी हे सांगा बाई, तुमची स्वतःची किती झाली? का नुसतं ऐकीव माहितीवर चाललंय?' मग हशा."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "आबासाहेब?"

निंबोरे जराही गडबडले नाहीत. मोकळेपणानं हसले. "बरं, बोललो असेन. अहो, दुपारची वेळ, सगळे पेंगलेले. मजेत म्हणतो माणूस. सगळं सभागृह हसलं. कुणाला लागलं असतं तर कुणीतरी हरकत घेतली असती की नाही? अहो, ह्या स्वतः हसल्या!" त्यांनी माझ्याकडे हात केला. "माझ्या अगदी समोर बसतात ह्या. तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. विचारा त्यांना. बाईमाणसालाच हसू आलं, तर त्यात बाईचा अपमान कुठला?"

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं आहे?"

"हो," मी म्हटलं.

खरं होतं. मी हसले होते. का हसले, हे त्या दिवसानंतर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. बाकीचे हसले म्हणून. तेरा पुरुषांच्या खोलीत बसायचं तर असल्या बोलण्याला सगळ्यांच्या आधी हसावं, मग आपल्याकडे कुणी बघत नाही, हे शिकले होते म्हणून. घरी सात महिन्यांची मुलगी ठेवून आलेली मी, त्या प्रश्नाला हसले. आणि समोर उभ्या असलेल्या बाईनं ते पाहिलं होतं.

"घ्या," निंबोरे म्हणाले.

"आता एवढंच सांगा," अध्यक्ष म्हणाले, "त्यानंतर सदस्यांनी काही उत्तर दिलं का?"

"वहीत नाही."

हुद्दार साहेबांनी श्वास सोडला, मला ऐकू आला. निंबोऱ्यांनी चहाचा कप उचलला. "मग झालं की. आता संध्याकाळी सभागृहात दोन शब्द बोला, भगिनी. माझ्या मनात काही नाही."

 अनसूयाबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि उठायला लागल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी गप्प राहिले असते, कारण मग मला राग आला असता. त्यांनी पाहिलं नाही. काल बसथांब्यावरच्यासारखं विचारावंसं वाटलेलं माणूस, आज विचारण्यासारखं नाही एवढंच त्यांनी ठरवलेलं होतं.

"वहीत नाही म्हणजे बोलल्या नाहीत असं नाही," मी म्हटलं.

"पिंपळखुटेबाई," हुद्दार साहेब हळूच म्हणाले.

"इथे वहीत एक ओळ कोरी आहे, साहेब. हशा लिहिलं आणि त्याच्यापुढे माझं पेन थांबलंय. मी हसत होते. चार-पाच सेकंद असतील. त्यांचा माईक चालू होता. त्यांचे ओठ हलताना मी पाहिले. त्या नक्की काहीतरी बोलल्या. मला ते ऐकू आलं नाही, कारण मी हसत होते. टाइप करताना मी ती ओळ सोडून दिली आणि कुणाला सांगितलं नाही."

 प्रतिवेदकानं भाषणातलं वाक्य सांडलं, ही आमच्या खात्यात चोरीच्या खालोखालची गोष्ट. आणि सांडलं ते हसण्यात, हे तर कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

अध्यक्षांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "काय बोलला होतात तुम्ही, बाई?"

अनसूयाबाई उभ्याच होत्या. "आता सांगू? इथं?"

"सांगा."

"त्यांनी विचारलं किती, म्हणून मी सांगितलं. मी म्हटलं, 'चार झाली. दोन घरी, दोन बंडीत. बंडीतली दोन्ही गेली.'"

त्या रडल्या नाहीत. आवाजही बदलला नाही. कुणीतरी आकडा विचारला आणि त्यांनी आकडा सांगितला, तसं सांगितलं. काल सभागृहातही असंच सांगितलं असणार.

निंबोऱ्यांनी कप बशीत ठेवला. "मला काय माहीत," ते म्हणाले. मग परत एकदा, "मला काय माहीत असणार." 

अध्यक्ष हुद्दार साहेबांना म्हणाले, "दोन्ही घ्या. प्रश्न त्यांच्या नावानं, उत्तर ह्यांच्या नावानं. आजच शुद्धिपत्र काढा." माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "आणि ह्यांचं स्पष्टीकरण लेखी मागवा."

बाहेर व्हरांड्यात अनसूयाबाई थांबल्या होत्या. मी माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, पण त्यांनी मला बोलू दिलं नाही.

"तुमचं काय होईल आता, ताई?"

"प्रोबेशन वाढेल. एक वर्ष. कदाचित काढतीलही."

"हं." त्यांनी मान हलवली. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आभारही मानले नाहीत. "मला वाटलं होतं मी बोललीच नसेल. रात्रभर तेच. वाटलं, मनातल्या मनात बोलली असेल आणि तोंडातून निघालंच नसेल. एवढे सगळे म्हणतात तर." मग चपलेत पाय सरकवून त्या सभागृहाकडे गेल्या.

खोलीत हुद्दार साहेबांनी मला समोर बसवलं आणि स्वतः मजकूर सांगायला लागले. ते रागावलेले होते. सव्वीस वर्षांत पहिलं शुद्धिपत्र आणि तेही माझ्यामुळे. माझ्याशी ते त्यानंतर अधिवेशन संपेपर्यंत कामापुरतंच बोलले. पंधरा मार्चला शेरा गेला, त्यात त्यांनी खरं तेच लिहिलं, आणि माझी मुदत एक वर्षानं वाढली. साडेतीनची सुटी मात्र त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत काढून घेतली नाही.

"लिहा," ते म्हणाले. "श्री. निंबोरे, कंसात बसल्या जागेवरून, कंस पूर्ण. दोन टिंबं."

मी निंबोऱ्यांचं वाक्य टाइप केलं.

"खाली, कंसात हशा."

"ठेवायचा, साहेब?"

"हसले ना सगळे? मग ठेवायचा. त्याखाली, श्रीमती कोटनाके, दोन टिंबं."

चार झाली. दोन घरी, दोन बंडीत. बंडीतली दोन्ही गेली. तीन छोटी वाक्यं. पान अर्धंही भरलं नाही.

हुद्दार साहेब पेन्सिल हातात धरून थांबले. आमच्या कागदावर असं काही बोललं गेलं की पाठोपाठ सभागृहाचं काहीतरी येतं. कंसात शांतता, कंसात शरम, शरम, कंसात अडथळा.

"याच्यानंतर काय झालं?" त्यांनी विचारलं.

"मला माहीत नाही, साहेब."

"काही आवाज? कुणी काही म्हटलं?"

"मी हसत होते."

त्यांनी गोगट्यांकडे पाहिलं. काल टर्न संपवून निघालेले गोगटे हशा ऐकून दारातच थबकले होते. गोगट्यांनी मान हलवली. "मीही साहेब... म्हणजे, त्या वेळी सगळेच."

 हुद्दार साहेब पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "काल मीही वर सज्जात होतो, हसणाऱ्यांत. मलाही सांगता यायचं नाही."

एवढ्या मोठ्या सभागृहात, खाली बसलेल्यांपैकी आणि वर बसलेल्यांपैकी, त्या उत्तरानंतर काय झालं हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, आणि तिला विचारायला आमच्यापैकी कुणी गेलं नाही. मी कंस न घालता पुढच्या ओळीवर गेले.